भत्ता की कार्ड? आमच्या ओट्यावरचे तीन महिने

पेन्शनर मंडळी चार रविवार एका ओट्यावर बसली की तिथे दोन गोष्टी साचतात. झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्स आमची आई महिन्याच्या महिन्याला पाणी तापवायच्या बंबात घालते. किस्से तिला बंबात घालता येत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे जमलेत.

ओटा आमचाच, जळगावात. माझे वडील, आप्पा, रेल्वेत हेडक्लार्क होते, आता रिटायर. त्यांच्यासारखे दिल्लीच्या सरकारचे सतरा-अठरा पेन्शनर, कोणी रेल्वेतले, कोणी पोस्टातले, कोणी टेलिफोनमधले, दर रविवारी नऊच्या ठोक्याला आमच्याकडे यायचे. मी नुकतीच अर्थशास्त्रात एम.ए. झाले होते, नोकरी नव्हती, आणि जग बदलायची मला फार घाई होती. जग हाताशी नव्हतं. हे अठरा जण होते.

त्या वर्षी जानेवारीत एक सर्क्युलर आलं. पेन्शनरला आजारपणासाठी दोनपैकी एक गोष्ट मिळायची. एक तर भत्ता, म्हणजे पेन्शनसोबत दरमहा ठरावीक थोडी रक्कम, डॉक्टर तुमचा तुम्ही बघा. नाही तर कार्ड, म्हणजे दवाखाना सरकारचा, गोळ्या-औषधं सरकारची, आणि मोठं ऑपरेशन निघालं तर मुंबईच्या हॉस्पिटलची चिठ्ठीही सरकारचीच. भत्त्यावरून कार्डावर किंवा कार्डावरून भत्त्यावर जायचं असेल त्याने मार्चअखेरपर्यंत अर्ज द्यावा. आणि हा बदल आयुष्यात एकदाच!

शेवटचं वाक्य आप्पांनी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी चष्मा काढून.

*

पहिला अर्ज अर्थातच आप्पांचा. त्यांना भत्ता सोडून कार्ड हवं होतं. त्यांनी अर्ज लिहिला, माझ्याकडून फेअर करून घेतला, टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला आणि चहा प्यायला उठले.

चहा पिऊन आले, टेबलाच्या उजव्या बाजूला बसले, तो अर्ज उचलला, आणि खिशातून लाल पेन काढलं.

"आप्पा, काय करताय?"

"तपासतोय."

"तुमचाच अर्ज आहे तो!"

"म्हणून काय झालं? ओळखीच्या माणसाचा अर्ज जास्त बारकाईने तपासावा लागतो."

समासात त्यांनी लाल अक्षरात लिहिलं, 'अर्जदाराने बदलाचे कारण मोघम दिले आहे. सविस्तर नमूद करून फेरसादर करावे.' खाली सही केली, तारीख टाकली, आणि अर्ज टेबलाच्या डाव्या बाजूला परत ठेवला. मग संध्याकाळी निळं पेन घेऊन डावीकडे बसले आणि कारण सविस्तर नमूद केलं.

चार दिवसांनी मी विचारलं, "आप्पा, तुमच्या अर्जाचं काय झालं?"

ते म्हणाले, "आपण घाई करू नये. विचाराधीन आहे."

*

ज्या माणसाने खरंच घाई करायला हवी होती, ते होते नाना.

नाना रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर घालायची तो खटका आयुष्यभर यांच्या हातात. रिटायर होऊन अमळनेरजवळच्या आपल्या गावी राहायचे आणि रविवारी पॅसेंजरने जळगावला यायचे. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या हृदयाची एक झडप बारीक झाली होती. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन मुंबईला, आणि दिवाळीची वाट बघू नका.

नाना भत्त्यावर. कार्ड घेतलं तर ऑपरेशन सरकारी खर्चाने. इतकी सरळ केस मी एम.ए.च्या पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती. मी त्यांचा फॉर्म सगळ्यांच्या आधी भरला, फक्त सहीची जागा मोकळी ठेवून पुढे केला.

नानांनी फॉर्म वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"एकदावच बदलता यी ना, पोरी?"

"हो, एकदाच."

"मंग आतेच कसाले वापरी टाकू?"

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. त्यांनी फॉर्मची व्यवस्थित चौपदरी घडी केली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, आणि वरून दोनदा थोपटली.

टेलिफोनमधून रिटायर झालेले इंगळे काका नानांचे जुने दोस्त. ते मला म्हणाले, "ताई, तू याला ओळखत नाहीस. रिटायर झाला तेव्हा ऑफिसने याला ब्लँकेट दिलं. ते अजून पेटीत आहे, लेबलासकट! हा म्हणतो, जास्त थंडी पडली म्हणजे काढू."

नाना शांतपणे म्हणाले, "आजून कुठे पडनी?"

*

पुढच्या रविवारी मी शहाणपणा केला. प्रत्येकाचा फॉर्म मी किती दिवस भरणार? लोकांनी स्वावलंबी व्हायला पाहिजे! म्हणून मी एक नमुना फॉर्म भरला आणि ओट्याच्या भिंतीवर चिकटवला. अर्जदार रामराव शामराव पाटील, पत्नी सीताबाई, आजार गुडघेदुखी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नमुन्याप्रमाणे भरावे.'

आठवड्याने अकरा फॉर्म आले. अकराच्या अकरा जणांना गुडघेदुखी!

"अहो, तुम्हाला तर दमा आहे ना?" मी एकांना विचारलं.

"आहे की. पण नमुन्यात दमा नव्हता."

हे सगळे तीस-तीस वर्षं सरकारी नोकरी केलेले लोक. नमुन्यापासून एक काना इकडेतिकडे झाला की कागद परत येतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यातल्या दोघांनी तर पत्नीच्या रकान्यातही सीताबाई लिहिलं होतं. एकांची बायको सोबत आली होती. तिला स्वतःला वाचता येत होतं, ही त्यांची खरी अडचण.

"कोण ही सीताबाई?" तिने ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं.

ते गृहस्थ भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मला काय विचारते? तिथं लिहिलंय!"

*

फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागायचा. धुळ्याच्या देवपुरातले महाजन भाऊ, रिटायर पोस्टमन, त्यांचा फॉर्म दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा एकच, 'पत्नीचा चेहरा दिसत नाही.' फोटोत भाऊ ताठ उभे, आणि शेजारी एक छान इस्त्रीचं लुगडं. पदर पार हनुवटीपर्यंत.

माझी मावशी देवपूरलाच राहते. मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा म्हटलं, आता मीच स्टुडिओत येते. बाईचा चेहरा सरकारला दिसलाच पाहिजे, हा तर माझ्या दृष्टीने चळवळीचाच विषय होता.

स्टुडिओत गेले तर भाऊंचे थोरले भाऊ, दादा, समोरच्या स्टुलावर बसलेले. काम नीट होतंय की नाही बघायला दोन्ही वेळा तेच सोबत आले होते.

मी काकूंच्या कानाशी गेले. "काकू, पदर थोडा मागे घ्या ना."

पदराच्या आतून आवाज आला, "जेठ समोर बसलेत, बाई. तोंड कसं उघडं टाकू?"

चळवळ तिथेच थांबली. मी दादांना म्हटलं, "दादा, कोपऱ्यावरून चहा सांगून येता का सगळ्यांना?" दादा उठले. काकूंनी झटक्यात पदर मागे सारला, काय सुंदर हसल्या, फोटोग्राफरने बटण दाबलं, आणि दादा चहा घेऊन आत यायच्या आधी पदर पुन्हा हनुवटीवर!

फोटो छापून आला. काकू स्वच्छ, ठसठशीत. भाऊ मात्र दादा येतात की काय म्हणून मान पूर्ण वळवून दाराकडे बघत होते.

फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. शेरा, 'अर्जदार ओळखू येत नाही.'

*

माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी लढा याच काळातला.

कार्डवाल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर एक आणि म्हातारे शंभर. सकाळी आठला बाकावर बसलेला माणूस एक वाजता गोळ्या घेऊन उठायचा. मला हे बघवेना. मी निवेदन लिहिलं. 'ज्येष्ठांची ही विटंबना' वगैरे शब्द वापरले. घरोघर फिरून सह्या घेतल्या. इंगळे काकांनीही सही दिली. ते नुकतेच भत्ता सोडून कार्डावर आले होते, तेही ठणठणीत तब्येतीचे असताना! मला वाटायचं, बघा, हा माणूस भविष्याचा विचार करतो.

आणि काय सांगू, निवेदनाला यश आलं! दुसरा डॉक्टर आला. तरुण, चटपटीत. साडेआठला बाक रिकामा!

मी रविवारी ओट्यावर सत्काराच्या तयारीत बसले होते. इंगळे काका चार जणांना घेऊन आले. चेहरे पडलेले.

"ताई, एक निवेदन लिहून दे."

"आता कशाचं?"

"त्या नव्या डॉक्टरचं. रुग्णांना पुरेसा वेळ बसू देत नाहीत."

"बसू देत नाहीत?" मी विचारलं. काका कळवळून म्हणाले, "अगं, सगळे जुने लोक त्या बाकावर भेटतात. बोदवडचा येतो, पाचोऱ्याचा येतो. मी कार्ड कशासाठी घेतलं? भत्त्यात काय, घरी एकटा बसून गोळी खायची! कालच आमचा विषय निम्म्यावर आला होता, तेवढ्यात माझा नंबर लागला."

"मग?"

"मग काय? आत जाऊन डॉक्टरला म्हटलं, साहेब, मला काही झालेलं नाही, आधी पुढचा घ्या. तर तो म्हणे पुढचाही हेच म्हणून गेला!"

*

मार्च उजाडला तरी नानांची सही नाही. रविवारी ते यायचे, चहा प्यायचे, सगळ्यांचे किस्से ऐकून हसायचे, आणि मी फॉर्मचं नाव काढलं की बंडीचा खिसा थोपटायचे. "शे, शे. जपी ठेयेल शे." आहे म्हणे, जपून ठेवलाय.

शेवटी मीच एस.टी.ने त्यांच्या गावी गेले.

अक्कांनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. वाढताना चुलीपासून माझ्या ताटापर्यंत चार पावलं. त्या चार पावलांत त्या एकदा थांबल्या. भिंतीला हात लावून, जणू भिंतीचं काहीतरी बघायचं होतं अशा थांबल्या, आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. "खाय माय. शहरमा काय भेटस तुले?"

जेवण होताच मी नानांना बाहेर निंबाखाली गाठलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. तुम्ही हट्टी आहात, अडाणी आहात, तुमच्या पिढीला सरकारकडून हक्काने घ्यायचं कळतच नाही! नाना ऐकत होते. माझा दम संपला तेव्हा ते म्हणाले, "हाई ल्हान दुखनं शे, पोरी. पुढे मोठं उनं ते?"

"याहून मोठं काय असतं, नाना?"

नाना घराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "मी मरी गऊ, का मंग ती एकली. तवय तिनी काय बदलानं? तिन्हाकरता ठेयेल शे ते. तिले सांगू नको."

नियम माहीत असलेला माणूस अशा वेळी पटकन उत्तर देतो. मला नियम माहीत होते. मार्च संपला की बदलाची ही खिडकी बंद; नानांच्या मागे ती अक्कांसाठी पुन्हा उघडणार नव्हती, आणि आजचं दुखणं अंगावर काढलं तर उघडून उपयोगही नव्हता. पण हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं, हे एम.ए.ला नव्हतं.

परतीच्या एस.टी.त मी तीन स्टॉप रडले आणि मग कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले. घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा लाल पेनाचं टोपण काढत-घालत बसले. म्हणाले, "त्याचं लॉजिक चूक आहे. पण त्यावर ऑब्जेक्शन काय घ्यायचं, ते सुचत नाही."

*

शेवटचा दिवस, एकतीस मार्च.

योजनेच्या ऑफिसबाहेर रांग. आप्पा, मी, आणि नुसते सोबतीला आलेले इंगळे काका. महाजन भाऊ धुळ्याहून चौथा फोटो घेऊन आलेले, या वेळी दादांना घरी ठेवून. आणि दुपारी तीन वाजता फाटकातून नाना आत आले. मागे अक्का. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा.

नानांना कोणी आणलं ते मला आजही माहीत नाही. इंगळे काका म्हणतात, मी नाही. आप्पा म्हणतात, मी विचाराधीन होतो.

अक्का बाहेरच्या बाकावर टेकल्या. नाना रांगेत उभे राहिले. फॉर्मवर सही केलेली होती, मी लांबूनच बघितली. पाचाला खिडकी बंद, आणि नाना खिडकीशी पोचले तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी.

आतला क्लार्क दिवसभर तेच तेच बोलून थकलेला. त्याने फॉर्म घेतला, शिक्का उचलला, आणि मान वर न करता पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "आजोबा, एकदाच बरं का. आयुष्यात परत बदल नाही. नीट विचार केलाय ना?"

नानांनी खिडकीतून हात घातला आणि फॉर्म परत घेतला!

"नाना!" मी ओरडलेच. रांग वळून बघायला लागली. मी अक्षरशः हात जोडले. आप्पा पुढे होऊन म्हणाले, "पॉइंट्समन, अहो गाडी उभी आहे, खटका ओढा." इंगळे काकांनी तर दंडाला धरून हलवलं. नाना खांबासारखे उभे. फॉर्म दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. क्लार्क घड्याळाकडे बघतोय, एक हात खिडकीच्या फळीवर.

"हाई नही," नाना पुटपुटले. "आते नही. मोठं काही उनं ते कामले यी."

बाकावरून अक्का उठल्या. कोणी आधार द्यायला गेलं तर हातानेच नको म्हणाल्या. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. सगळी रांग त्यांना वाट करून देत बाजूला झाली. त्या खिडकीशी आल्या, श्वास जमेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि नानांना विचारलं, "काय शे ते हातमा?"

नानांनी फॉर्म आणखी घट्ट धरला.

"कोनाकरता ठेयेल शे?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी काहीही सांगितलं नव्हतं. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "तुन्हाकरताच."

"मन्हाकरता?"

"हा."

"मंग मन्ही वस्तू शे ना ती?" अक्कांनी हात पुढे केला. "आन इकडे."

नाना त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी फॉर्म दिला.

अक्कांनी तो खिडकीतून आत सरकवला. "घे रे भाऊ."

क्लार्क गोंधळला. एकदा फॉर्मवरचं नाव बघतो, एकदा अक्कांकडे. "आजी, पण अर्जदार कोण? तुम्ही की आजोबा?"

अक्का मानेने नानांकडे खूण करून म्हणाल्या, "अर्जदार ह्या शेतस. वस्तू मन्ही शे."